हद्द बदलली नाही, कायम केली : दोन कॅरोलिनांच्या शिवेवरची एकोणीस घरं

1 जानेवारी 2017 रोजी अमेरिकेतल्या एकोणीस घरांचं राज्य बदललं. नॉर्थ कॅरोलिनात मोजली जाणारी सोळा घरं साउथ कॅरोलिनाची झाली आणि साउथ कॅरोलिनातली तीन घरं नॉर्थ कॅरोलिनाची. राज्य बदललं म्हणजे काउंटीही बदलली. एक पेट्रोल पंपही या फेऱ्यात सापडला. कोणी सामान हलवलं नव्हतं, भिंत पाडली नव्हती, की शेजाऱ्याचा बांध कोरला नव्हता.

ही हकीकत मला मोलाची वाटते ती मोजणीच्या एका जुन्या तत्त्वामुळे. आपल्याकडे भूमी अभिलेखच्या कचेरीत ‘हद्द कायम मोजणी’चा अर्ज करतात. हद्द बदलणं वेगळं आणि हद्द कायम करणं वेगळं, हे तिथल्या भूकरमापकाला शिकवावं लागत नाही. या दोन राज्यांनी वीसएक वर्षं जे केलं ते सगळं याच फरकावर उभं होतं. घरमालकांची आणि पंपमालकाची नावं इथे दिलेली नाहीत. राज्यं, काउंट्या आणि सालं खरी आहेत.

पार्श्वभूमी

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याची अमेरिकन बहीण असं सोयीसाठी म्हणता येईल, पण तिचा रोजच्या आयुष्याशी संबंध जिल्ह्यापेक्षा जवळचा आहे. घरपट्टी काउंटी लावते, शेरीफ काउंटीचा असतो, खरेदीखत काउंटीच्या कचेरीत नोंदलं जातं, आणि नॉर्थ कॅरोलिनात मुलांची शाळाही बहुतेक ठिकाणी काउंटीवरूनच ठरते. नॉर्थ कॅरोलिनात अशा 100 काउंट्या आहेत, साउथ कॅरोलिनात 46.

काउंटी राज्याच्या कायद्याने जन्माला येते. जुन्या कायद्यांत तिची चतुःसीमा शब्दांत लिहिलेली असते : अमक्या ओढ्याच्या मुखापासून, तमक्या टेकडीच्या धारेने, फलाण्याच्या शेताच्या कोपऱ्यावरच्या ओकपर्यंत. दोन काउंट्यांमधली रेघ राज्याचं विधिमंडळ बदलू शकतं. पण काउंटीची कड हीच राज्याची कड असेल, तर एकट्या राज्याला तिथे हात लावता येत नाही. यॉर्क, लँकेस्टर, गॅस्टन, मेक्लेनबर्ग या काउंट्यांची नेमकी हीच गत आहे.

ही कड आली कुठून? 1735 साली दोन्ही वसाहतींचं ठरलं की केप फिअर नदीच्या मुखापासून 30 मैल नैर्ऋत्येला समुद्रकिनाऱ्यावर सुरुवात करायची, वायव्येला 35 अक्षांशापर्यंत जायचं आणि तिथून सरळ पश्चिमेला वळायचं. कागदावर दोन ओळींचं काम. प्रत्यक्षात दलदल, जंगल, होकायंत्र आणि साखळी. रेघ ओढायची म्हणजे वाटेतल्या झाडांवर कुऱ्हाडीने खाचा करत जायचं.

(ती साखळी आपल्याही ओळखीची आहे. गंटरची साखळी 66 फुटांची. तिच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे 33 फूट बाजूचा चौरस म्हणजे आपला गुंठा, 1089 चौरस फूट.)

1737 मध्ये मोजणीदारांनी एका कुरणात खुंटी ठोकली. 35 अक्षांश इथेच आहे असा त्यांचा समज होता. खरं अक्षांश तिथून उत्तरेला सुमारे 11 मैलांवर होतं. 1764 मध्ये पुढची पिढी त्याच खुंटीपासून निघाली आणि सरळ पश्चिमेला गेली. सॅलिसबरी ते चार्ल्सटन या रस्त्यापाशी, कटॉबा या मूळनिवासी लोकांच्या जमिनीजवळ पोचल्यावर चूक उघड झाली. तोवर साउथ कॅरोलिनाच्या वाट्याची सुमारे 660 चौरस मैल जमीन पलीकडे गेली होती.

मग जे केलं ते आपल्या भाऊबंदकीत शोभेल असं होतं. चुकलेली रेघ परत फिरवली नाही. तिकडे कमी पडलं ते इकडे भरून दिलं. 1772 मध्ये रेघ कटॉबांच्या जमिनीला वळसा घालून उत्तरेला नेली, कटॉबा नदी आणि तिच्या दक्षिण फाट्याच्या संगमापर्यंत, आणि तिथून 35 अक्षांशाच्याही वरून पश्चिमेला. आज नकाशावर नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहराच्या दक्षिणेला रेघेने घेतलेली वेडीवाकडी वळणं दिसतात, ती या भरपाईची. त्या वेळी नॉर्थ कॅरोलिनाच्या ट्रायन काउंटीत झोपलेली कुटुंबं साउथ कॅरोलिनात जागी झाली. त्या पट्ट्याला तिकडे ‘नवी मिळकत’ म्हणत. 1785 मध्ये त्याचीच यॉर्क काउंटी झाली. ट्रायन काउंटी तर 1779 मध्ये नकाशावरून पुसलीच गेली. पश्चिमेकडचा डोंगराळ भाग 1815 मध्ये मोजला.

तेव्हा 2017 मध्ये घडलं ते या भागाला नवं नव्हतं. अमेरिकेचे सातवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन 1767 मध्ये याच शिवेवरच्या वॅक्सहॉ भागात जन्मले. आपण साउथ कॅरोलिनाचे, असं ते स्वतः म्हणत. आजही त्यांच्या जन्मस्थळावर दोन्ही राज्यं हक्क सांगतात.

अडचण कशी उघड झाली

झाडं मेली. ओक कितीही दणकट असला तरी त्याच्या सालीवरची खाच अडीचशे वर्षं पुरत नाही. 1928 मध्ये दोन्ही राज्यांनी समुद्राकडचा पूर्वेचा भाग पुन्हा मोजून तिथे पक्क्या खुणा रोवल्या. पुढचं काम तिथेच थांबलं. ज्या भागात पुढे वस्ती फुगणार होती तो शार्लटच्या आसपासचा पट्टा बिनखुणांचा राहिला. 1772 च्या रेघेचा तो संगमसुद्धा आज दिसत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या धरणाच्या पाण्याखाली, वायली जलाशयात तो आहे.

इतकी वर्षं कोणाचं अडलं नाही, कारण प्रत्येक जण आपल्याला सांगितलेली रेघ मानत होता. टपालवाला एक मानत होता, काउंटीचा कर खात्याचा नकाशा दुसरी, शेतकरी तिसरी. कागद एकीकडे आणि वहिवाट दुसरीकडे, ही स्थिती भांडण होईपर्यंत सुखाचीच असते.

1990 च्या दशकात पश्चिमेकडच्या डोंगरात, जोकॅसी दऱ्यांच्या भागात, एका वीज कंपनीची मोठी जमीन संरक्षित क्षेत्रासाठी दोन्ही राज्यांकडे जायची होती. कोणती जमीन कोणत्या राज्यात, हा प्रश्न आला आणि उत्तर कोणाकडेच नव्हतं. तेव्हा दोन्ही राज्यांचा संयुक्त सीमा आयोग स्थापन झाला. काम निघालं डोंगरातल्या निर्मनुष्य जमिनीमुळे; चटका बसला तो शार्लटजवळच्या घरांना.

पहिला निर्णय : कोणती रेघ शोधायची?

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे. आयोगापुढे तीन वेगवेगळ्या रेघा होत्या. एक, वसाहतींच्या काळातल्या ब्रिटिश राजाच्या हुकुमातली, म्हणजे 35 अक्षांशाची. दुसरी, अठराव्या शतकातल्या मोजणीदारांनी प्रत्यक्ष चालत आखलेली. तिसरी, आज लोक मानतात ती.

पहिली निवडली असती तर अडीचशे वर्षांचा सगळा हिशोब पुन्हा उकरावा लागला असता. खुद्द शिवेचं वळण त्या चुकीच्या भरपाईसाठी घेतलेलं. चूक दुरुस्त करायची तर भरपाईचं काय करणार? शिवाय अमेरिकन कायदा याबाबत जुना आणि स्पष्ट आहे. 1893 मध्ये व्हर्जिनिया विरुद्ध टेनेसी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन राज्यांनी आखून मान्य केलेली आणि दीर्घकाळ पाळलेली रेघ, ती मूळ सनदेपासून ढळलेली असली तरी बंधनकारक राहते. जमिनीवरची खूण आणि कागदावरचं वर्णन यांत तफावत असेल तर खूण वरचढ, हे खासगी जमिनीच्या मोजणीतलंही तत्त्व आहे.

म्हणून आयोगाने दुसरी रेघ धरली. 1735, 1737, 1764, 1772, 1815 या सालांतले मोजणीदार जिथून चालले तिथेच शीव आहे. ते कुठून चालले एवढंच शोधायचं. चुकले असतील तर त्यांच्या चुकीसकट.

हा निर्णय मला पूर्णपणे पटतो. पण त्याची किंमत तिसऱ्या रेघेवर विसंबून घरं बांधणाऱ्यांनी मोजली, हेही तितकंच खरं आहे.

शोध

मेलेल्या झाडांचा माग कागदांत लागला. शिवेलगतच्या जमिनींचे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले दाखले आणि नकाशे दोन्ही बाजूंच्या काउंटी कचेऱ्यांत होते. एखाद्या दाखल्यात ‘राज्याच्या रेघेवरच्या काळ्या ओकपासून इतक्या साखळ्या’ असं लिहिलेलं असे. त्या ओकचा पत्ता नसला तरी त्याच जमिनीचा दुसरा कोपरा, एखादा दगड, जुन्या कुंपणाची ओळ शिल्लक असू शकते. तिथून उलट मोजत आलं की ओक कुठे होता ते कळतं. असे शेकडो तुकडे एकमेकांना जोडून, उपग्रहाधारित मोजणीने त्यांना आजचे अक्षांश-रेखांश देत, 334 मैलांची रेघ टप्प्याटप्प्याने पुन्हा उभी केली. काम वीसएक वर्षं चाललं.

आपल्याकडे गावठाणाची शीव सांगताना म्हातारी माणसं ‘त्या पडक्या विहिरीपासून जुन्या बाभळीपर्यंत’ असं सांगतात आणि नवा मोजणीदार ते लिहून घेतो. इथे ती म्हातारी माणसं म्हणजे दप्तरं होती. म्हणूनच कचेरीतला जुना कागद जपणाऱ्या अनाम कारकुनांचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी ती बाडं रद्दीत काढली असती तर ही रेघ कायमची हरवली असती.

पेट्रोल पंपाचं काय झालं

रेघ उभी राहिली तेव्हा बहुतेक ठिकाणी ती लोकांच्या समजुतीपासून फार लांब नव्हती. फरक काही फुटांचा असला तरी तो घराखालून गेला की पुरतो.

शिवेला खेटून असलेला एक पंप इतकी वर्षं साउथ कॅरोलिनातल्या यॉर्क काउंटीत गणला जात होता. नव्या मोजणीत तो नॉर्थ कॅरोलिनाच्या गॅस्टन काउंटीत निघाला. पंप शिवेवर असतो तो उगाच नसतो. तेव्हा साउथ कॅरोलिनाचा पेट्रोलवरचा राज्यकर गॅलनला 17 सेंटपेक्षाही कमी होता आणि नॉर्थ कॅरोलिनाचा जवळजवळ दुप्पट, 34 सेंट. पलीकडची माणसं गाडी भरायला अलीकडे येत, त्यावर धंदा उभा होता. जोडीला दुकानात बिअर आणि फटाके. नॉर्थ कॅरोलिनात हवेत उडणारे, बार होणारे फटाके विकायला बंदी, आणि दारूविक्रीचे नियम काउंटीगणिक वेगळे. म्हणजे एका मोजणीने दुकानाच्या तिन्ही पायांखालची जमीन सरकत होती.

घरांचे प्रश्न कमी दिसणारे पण जास्त खोल जाणारे होते. नॉर्थ कॅरोलिनात घराच्या पूर्ण बाजारमूल्यावर पट्टी आकारतात. साउथ कॅरोलिनात मालक स्वतः राहत असेल तर मूल्याच्या 4 टक्क्यांवर, भाड्याने दिलं असेल तर 6 टक्क्यांवर. शिवाय राहत्या घराला शाळेच्या चालू खर्चाच्या करातून सूट. आयकराचे दर निराळे. कर्ज थकलं तर साउथ कॅरोलिनात बँकेला न्यायालयात जावं लागतं, नॉर्थ कॅरोलिनात बहुधा तितकं लांब जावं लागत नाही. म्हणजे गहाणखत ज्या राज्याचा कायदा धरून लिहिलं, घर त्या राज्यात नव्हतंच. खत चुकीच्या काउंटीत नोंदलेलं. अकरावीतली मुलगी पुढच्या वर्षी कोणत्या शाळेत बसणार? तिला राज्याच्या विद्यापीठात स्थानिकाची फी लागू होणार की बाहेरच्याची? अमेरिकेत हा फरक घराचं अंदाजपत्रक मोडण्याइतका मोठा असतो. आणि आजवर ज्या राज्यात मत दिलं ते आपलं राज्य नव्हतं, हे पचवायचं कसं?

कोणते मार्ग तपासण्याजोगे होते

काहीच न करणं हा एक मार्ग होताच. मोजणी झाली, अहवाल कपाटात. पण रेघ ठाऊक झाल्यावर ती ठाऊक नसल्यासारखं वागणं सरकारला जमत नाही. उद्या त्या घरात गुन्हा घडला तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारेल : हा गुन्हा कोणत्या राज्यात घडला?

दुसरा मार्ग माणुसकीचा वाटतो. एकोणीसच तर घरं आहेत, तिथे रेघ थोडी वळवून घ्यावी. पण ते झालं ‘बदलणं’. दोन राज्यांमधल्या कराराला संविधानानुसार अमेरिकी काँग्रेसची संमती लागू शकते, आणि मूळ रेघ पुन्हा स्थापित करण्यात जी कायदेशीर सुरक्षितता आहे ती हद्द सरकवण्यात नाही. शिवाय इथे वळवली तर पुढच्या घरासाठी का नाही?

तिसरा, न्यायालय. राज्याराज्यांतले वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जातात. साउथ कॅरोलिनाला या वाटेचा अनुभव होता. सव्हाना नदीतल्या शिवेवरून जॉर्जियाने 1977 मध्ये दावा लावला, निकाल आला 1990 मध्ये. मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको. कर्नाटकाशी असलेल्या सीमावादात महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दोन्ही प्रश्नांची जात वेगळी आहे. बेळगावचा प्रश्न लोकांच्या भाषेचा आणि इच्छेचा आहे, कॅरोलिनांचा निव्वळ मोजणीचा. तरी न्यायालयात गेलेली शीव किती वर्षं अधांतरी राहते, हे दोन्हीकडे दिसतं.

चौथा मार्ग निवडला : रेघ मूळ जागी कायम करायची आणि माणसांना बसणारा धक्का कायद्याने झेलायचा.

काय केलं

2016 मध्ये दोन्ही विधिमंडळांनी जोडीचे कायदे केले. नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर पॅट मॅक्रोरी आणि साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नर निकी हेली यांच्या सह्या झाल्या. अंमल 1 जानेवारी 2017 पासून. ही तारीख विचारपूर्वक निवडलेली दिसते : आयकराचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे एका वर्षाचे दोन तुकडे झाले नाहीत.

मागच्या वर्षांचा कर कोणतंही राज्य मागणार नाही आणि परतही देणार नाही, ही सर्वांत महत्त्वाची तरतूद. नाहीतर एका काउंटीने तीस वर्षांची पट्टी परत करायची आणि दुसरीने ती वसूल करायची, असा गोंधळ झाला असता. मुलांना जुन्या शाळेत शिकत राहता येईल, विद्यापीठात स्थानिकाची फी चालू राहील, आधीपासूनच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या जोडण्या तोडल्या जाणार नाहीत, अशी सोय केली. खतं आणि गहाणखतं नव्या काउंटीत कशी नोंदायची ते ठरवून दिलं. पंपाच्या दुकानाला नॉर्थ कॅरोलिनात दारूविक्रीचा परवाना मिळू शकेल अशी खास वाट काढली.

एका दुकानासाठी राज्याच्या कायद्यात कलम घालावं का, असा आक्षेप घेता येईल. मला ते कलम योग्यच वाटतं. त्या माणसाने काही चुकवलं नव्हतं. जुन्या नकाशावर सरकारनेच त्याला परवाना दिला होता, कर घेतला होता.

निष्पत्ती

दोन राज्यं भांडली नाहीत, न्यायालयात गेली नाहीत, आणि 334 मैलांची शीव आज अक्षांश-रेखांशांत नोंदलेली आहे. आणखी एक आकडा इथे सांगायला हवा. मोजणीच्या काळात, 2012 च्या सुमाराला, बातम्यांमध्ये बाधित मालमत्तांचा आकडा 93 पर्यंत सांगितला जात होता. शेवटी राज्य बदललेली घरं 19 निघाली. अर्धवट मोजणीच्या काळात किती घरांनी विनाकारण धसका घेतला असेल, याचा अंदाज यावरून येतो.

वेगळं काय करता आलं असतं

1928 मध्ये काम पश्चिमेपर्यंत नेलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. तेव्हा शार्लटच्या दक्षिणेला शेतं होती. शेतातून रेघ गेली तर शेतकरी दोन काउंट्यांची पट्टी भरतो. स्वयंपाकघरातून गेली तर संसार अडकतो.

दुसरी चूक बांधकाम परवानगीच्या टेबलावर झाली. काउंट्यांचे नकाशे कर आकारणीसाठी काढलेले. त्यांवरची राज्याची रेघ अंदाजाची आहे, हे त्या नकाशांनी कधी ठळकपणे सांगितलं नाही. शिवेपासून ठरावीक अंतरातल्या बांधकामाला आधी राज्याच्या मोजणी खात्याचा दाखला लागेल, एवढा एक नियम असता तरी नुकसान थोडक्यात आटोपलं असतं.

तिसरं म्हणजे वेळ. बातमी फुटणं आणि कायदा होणं यांत चारेक वर्षं गेली. त्या काळात घर विकायचं तर खरेदीदाराला काय सांगायचं? करमाफीची तरतूद शेवटी ठेवण्याऐवजी, मागची वसुली होणार नाही असा ठराव दोन्ही राज्यांनी मोजणी चालू असतानाच केला असता, तर लोकांच्या जिवाला घोर लागला नसता. मोजणीदारांनी आपलं काम चोख केलं. माणसांशी बोलण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

शार्लटच्या नोकरीवर असलेली पुष्कळ मराठी कुटुंबं फोर्ट मिल, इंडियन लँड अशा शिवेपलीकडच्या भागांत घर बघतात, कधी करासाठी, कधी शाळेसाठी. त्यांना सांगायची गोष्ट एवढीच : काउंटीच्या संकेतस्थळावरचा नकाशा म्हणजे मोजणी नव्हे. परवानाधारक मोजणीदाराकडून प्लॉटची हद्द कायम करून घ्या. मालकी हक्काच्या विमा पॉलिसीत मोजणीतून निघणारे दोष बहुधा वगळलेले असतात, तो परिच्छेद सही करण्याआधी वाचा.

राज्याची कड झाली, आता आतल्या रेघांचं काम चालू आहे. साउथ कॅरोलिनाचं मोजणी खातं काउंटी-काउंटीमधल्या शिवा त्याच पद्धतीने, जुने दाखले आणि जुने दगड शोधत, एकेक करून कायम करत आहे.